लेझर ट्वीझर्स मशीन: डीएनएसाठी डोळे मिटून विकत घ्या, टायटिनसाठी जरा थांबा

आमच्या लॅबमध्ये दोन ट्रॅपवालं ऑप्टिकल ट्वीझर्स मशीन येऊन बराच काळ झालाय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण यातलं बहुतेक कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडेल. किंमत विचारू नका.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, लेझर भिंगातून एका बिंदूवर आणला की तिथे प्लॅस्टिकचा बारीकसा मणी अडकून राहतो, आर्थर ॲश्किन आणि मंडळींनी १९८६ साली बेल लॅब्समध्ये हे करून दाखवलं, नोबेल मात्र २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी! असे दोन मणी, मध्ये एकच रेणू, आणि ओढायचं. जोर पिकोन्यूटनमध्ये, म्हणजे एका न्यूटनचा लाख कोटीवा भाग.

लॅम्डा डीएनए (जिवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूचं) लावलं की पैसे वसूल. ४८,५०२ बेसपेअर (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), लांबी साधारण १६ मायक्रॉन, सुरुवातीला जोरच लागत नाही कारण ते गुंता होऊन पडलेलं असतं, पूर्ण सरळ झालं की ग्राफ सरळ वर चढतो आणि ६५ पिकोन्यूटनच्या आसपास एकदम सपाट, जोर फारसा न वाढता लांबी जवळजवळ १.७ पट होते. बफरमध्ये, म्हणजे रेणू ज्या द्रावणात असतो त्यात, मीठ कमी असेल तर हा टप्पा थोडा खाली सरकतो, नाहीतर तिथल्या तिथेच. म्हणून सकाळी पहिलं काम हेच: ५५ दिसलं तर आधी कॅलिब्रेशन (मशीन जोर बरोबर मोजतंय ना ते) बघा, १३० दिसलं तर मण्यांमध्ये एक नाही दोन डीएनए अडकलेत, सोडून द्या आणि नवीन पकडा. आरएनएची हेअरपिन (स्वतःवरच दुमडलेली साखळी) लावली तर अजून मजा, ठरावीक जोरावर ती उघड-मीट उघड-मीट करत बसते आणि ते लाईव्ह दिसतं, जेवायचं राहून जातं.

आता तक्रारी. ब्रोशरमध्ये 'सर्व प्रोटीन' लिहिलंय ते जरा जपूनच घ्या. स्नायूतल्या टायटिन या प्रोटीनचा आय२७ भाग एएफएमने (बारीक सुईने रेणू ओढणारं यंत्र) सेकंदाला मायक्रॉनच्या वेगाने ओढला तर २०० पिकोन्यूटनच्या आसपास उलगडतो, करवतीच्या दातांसारखा ग्राफ येतो, आणि इथे प्रोटीनला मण्यांशी जोडणारी डीएनएची हँडलंच ६५ ला ताणली जातात! हळू ओढलं तर कमी जोर पुरतो हे खरं, कारण उष्णतेच्या धक्क्यांना वेळ मिळतो, ६० वर धरून बसलात तर कधी ना कधी उलगडेलही, पण तोवर टेदर (दोन मण्यांमधला रेणूचा धागा) तुटलेला असतो. तुटण्यात लेझरचाही हात आहे, त्याच्यामुळे तयार होणारा सक्रिय ऑक्सिजन डीएनए खातो. म्हणून ऑक्सिजन काढणारी एन्झाइम्स, ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटालेज, घालायलाच लागतात, आणि मग बफर हळूहळू आम्लधर्मी होतो ते वेगळंच, त्यामुळे ताजा बनवा, कालचा वापरू नका. एसी थेट मशीनवर आला की ड्रिफ्ट (रीडिंग आपोआप सरकत जाणं), कोणी दार आपटलं की ड्रिफ्ट.

सॉफ्टवेअर ठीकठाक, डेटा एक्स्पोर्ट होतो तेवढं बास.

५ पैकी ४. डेमोला कंपनीचं तयार डीएनए चालवू देऊ नका, ते छानच चालतं. स्वतःचं प्रोटीन स्वतःच्या बफरमध्ये घेऊन जा आणि दिवसभरात किती टेदर टिकतात ते त्यांच्यासमोर मोजा, मगच कोटेशन मागा.