अंधारा किल्ला: 'अॅम्नेशिया' की 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'?

दोन्ही भीतीचे व्हिडिओ गेम फर्स्ट पर्सन, म्हणजे सगळं पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे, दोन्हींत किल्ला, पण भीतीची जात अगदी वेगळी.

२०१० च्या 'अॅम्नेशिया: द डार्क डिसेंट'मध्ये आपण १८३९ मधल्या प्रशियातल्या ब्रेननबर्ग किल्ल्यात स्मृती गमावलेला डॅनियल असतो. हातात एकही शस्त्र नाही. अंधारात थांबलं की डॅनियलचं मन ढासळतं, दृश्य डगमगू लागतं. कंदील पेटवला तर तेल संपतं आणि राक्षसांना आपण सहज दिसतो. ही कोंडी मला फार आवडते. दारसुद्धा माउसनं ओढून उघडावं लागतं, त्यामुळे मागं कुणी लागलं की हात थरथरतो. पाण्यानं भरलेल्या तळघरात तर शत्रू दिसतच नाही, फक्त पाण्यात पावलं उमटतात. एका खोक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारायच्या, लांब मांस फेकून त्याला तिकडं वळवायचं आणि पळायचं. एवढी भीती मला दुसऱ्या कुठल्याच गेमनं दिलेली नाही.

कॅपकॉमच्या 'व्हिलेज'मध्ये (२०२१) नायक इथनकडं बंदूक असते आणि ड्यूक नावाच्या व्यापाऱ्याकडून ती सुधारूनही घेता येते. किल्ल्याची अवाढव्य उंच मालकीण लेडी दिमित्रेस्कू दारातून वाकून आत येते तेव्हा धडकी भरतेच. तिच्या मुली थंडीत कमजोर पडतात, म्हणून खिडकी फोडून गार हवा आत घ्यायची युक्ती झकास आहे. पण किल्ला हा गेमचा एकच टप्पा. पुढं सूर बदलत जातो.

लढायला आवडत असेल तर 'व्हिलेज' घ्या. निव्वळ घाबरायचं असेल तर 'अॅम्नेशिया', तेही हेडफोन लावूनच.