पोलीस, अग्निवीर की कंपनी? मुलींच्या जागांचा आकडा नीट वाचा

घरात बारावी झालेली, रोज पळायला जाणारी मुलगी असली की कोल्हापुरात तिला तीन सल्ले हमखास मिळतात. एक काका म्हणतो पोलीस भरती बघ, मुलींना तीस टक्के आहे. दुसरा म्हणतो अग्निवीर भर, आता मुलीपण घेतात. मावशीच्या मते कंपनीच बरी, हल्ली त्यांना मुलीच पाहिजेत. तिघंही खोटं बोलत नाहीत. पण तिन्हीकडच्या ‘मुलींच्या’ आकड्याचा अर्थ सारखा नाही. पोलिसांत तो किमान आहे. फौजेत तो बरीच वर्षं कमाल होता, अजूनही काही ठिकाणी आहे. कंपनीत तो साहेबांनी ठरवलेला आकडा आहे, आणि साहेब बदलले की तोही बदलू शकतो.

पोलीस भरतीपासून सुरुवात करू, कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथंच आहे.

जाहिरातीला जोडलेला तो भलामोठा तक्ता बहुतेक पोरी बघतच नाहीत. अकादमीतले सर जेवढं सांगतील तेवढ्यावर फॉर्म भरला जातो. त्या तक्त्यात एका बाजूला सामाजिक प्रवर्ग असतात आणि दुसऱ्या बाजूला सर्वसाधारण, महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, पोलीस पाल्य, गृहरक्षक दल असे रकाने. ही दुसरी बाजू म्हणजे समांतर आरक्षण. महिलांचे ३० टक्के एकगठ्ठा नसतात, प्रत्येक प्रवर्गात वेगळे काढलेले असतात. समजा खुल्या प्रवर्गात ४० जागा आहेत, तर त्यातल्या १२ महिलांच्या. ओबीसीत २० असतील तर ६.

आता मुद्द्याचं. ओबीसी मुलीला वाटतं आपली लढत फक्त त्या ६ जागांसाठी. तसं नाही. तिचे गुण खुल्या महिलांच्या यादीत बसत असतील तर तिला तिथं घ्यावंच लागतं. सौरव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केलं: खुली जागा सर्वांसाठी खुली, ती कुठल्याही एका प्रवर्गाची मालकी नव्हे. शिवाय गुण त्याहून चांगले असतील तर सर्वसाधारण जागेवरही मुलीची निवड होऊ शकते. म्हणून ३० टक्के हा तळ आहे. त्याच्या वर जायला बंदी नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. एखाद्या प्रवर्गात पुरेशा पात्र मुली मिळाल्या नाहीत तर ती जागा रिकामी ठेवत नाहीत, त्याच प्रवर्गातल्या मुलाला जाते.

मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. १०० मीटर आणि गोळाफेक दोघांनाही, मात्र गोळ्याचं वजन वेगळं. यावरून टोमणे मारणारे प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना एवढंच सांगायचं की पुढची १०० गुणांची लेखी परीक्षा सगळ्यांना सारखीच असते, आणि नोकरीचा बराचसा भाग पळण्यात नाही तर पंचनामे, बंदोबस्त आणि ठाण्यातल्या कागदांत जातो. मुलींसाठी उंची १५५ सेंटिमीटर. वय खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. म्हणजे इथं घाई नाही, आणि पुढच्या हिशेबात हीच गोष्ट कामाला येणार आहे.

निवडीत अन्याय झालाच तर दाद मागायची सोय आहे. मात्र वाद आधी मॅटकडे, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागते. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं म्हणून पेढे वाटले, ते योग्यच. पण भरतीच्या वादात त्याची पायरी मॅटनंतरची.

आकडा ठरवायचा आणि तो पाळला जातोय का हे तपासायचं, हे दोन्ही एकत्र लागतं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमात नेमकं हेच केलं. मागासवर्गीयांना ५० टक्के जागा हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच हुकुमात पुढं प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तिमाही अहवाल पाठवावा असंही फर्मान आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते हुकुमातली खरी धार त्या ओळीत आहे. तिमाहीचा कागद मागितल्याशिवाय कुठलंही खातं हलत नाही, तेव्हाही आणि आताही.

आता फौज. सैनिक टाकळीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथं फौजेचं आकर्षण वेगळं सांगायला नको. पण मुलींसाठी दार केवढं उघडलंय ते बघा. शिपाई म्हणून थलसेनेत मुलींना वाट आहे ती मिलिटरी पोलीसची. पहिल्या तुकडीतल्या ८३ जणी मे २०२१ मध्ये बंगळुरूहून प्रशिक्षण संपवून बाहेर पडल्या. अख्ख्या देशातून ८३. आज ही भरती अग्निवीर म्हणूनच होते: वय साडेसतरा ते २१, उंची १६२ सेंटिमीटर, १६०० मीटर धाव, लांब उडी दहा फूट, उंच उडी तीन फूट. १५८ उंचीची पोरगी पोलिसांत आरामात बसते आणि इथं मोजपट्टीवरच परत फिरते. दोरीवरच्या उड्या मारून उंची वाढत नाही, अकादमीवाले काहीही म्हणोत. नौदलाने पहिल्याच अग्निवीर तुकडीत मुली घेतल्या. मार्च २०२३ मध्ये आयएनएस चिल्कामधून बाहेर पडलेल्या सुमारे २६०० जणांत २७३ मुली होत्या. थलसेनेपेक्षा हे प्रमाण बरंच बरं.

पगाराचं म्हणाल तर अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, पैकी हातात २१,०००. बाकीचे सेवा निधीत जातात आणि चार वर्षांनी साधारण ११.७१ लाख मिळतात. पुढं कायम होतात जास्तीत जास्त २५ टक्के. पोलीस शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० पासून सुरू होते, वर भत्ते, आणि नोकरी निवृत्तीपर्यंत. आणखी एक अट घरच्यांना आधीच सांगून ठेवा: अग्निवीराला त्या चार वर्षांत लग्न करता येत नाही. काही घरांत हा तोटा समजतात. काही पोरींना यासारखा फायदा नाही.

अधिकारी व्हायचं असेल तर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींना उघडलं, पहिल्या तुकडीसाठी जागा ठेवल्या १९, आणि त्यातून १७ जणी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडल्या. जागा एकूण ३७० होत्या. आकडा कमाल होतो म्हणजे काय, ते इथं दिसतं.

त्याहून ठळक उदाहरण सैन्याच्या विधी शाखेचं, म्हणजे जॅगचं. नऊ जागा: सहा पुरुषांना, तीन महिलांना, याद्या वेगळ्या. महिलांच्या यादीत चौथ्या-पाचव्या आलेल्या दोघींचे गुण निवडल्या गेलेल्या एका पुरुषापेक्षा जास्त होते, तरी दोघी बाहेर. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द केली आणि एकच गुणवत्ता यादी लावायला सांगितली. कागदावर ‘महिलांसाठी तीन जागा’ असं छान दिसतं. प्रत्यक्षात ती पुरुषांच्या सहा जागांची राखण होती.

उलट बाजूने घसरलेलं उदाहरणही आहे, ते ब्रिटनच्या हवाई दलाचं. २०३० पर्यंत भरतीत ४० टक्के महिला आणि २० टक्के वांशिक अल्पसंख्याक, असं उद्दिष्ट त्यांनी घेतलं. ते गाठायच्या घाईत या गटांतल्या उमेदवारांना प्रशिक्षणाच्या तुकड्यांत पुढं सरकवलं. २०२३ मध्ये हा भेदभाव असल्याचं कबूल करून ३१ पुरुषांना भरपाई द्यावी लागली. उद्दिष्ट ठेवणं बेकायदा नव्हतं. जास्त मुलींनी अर्ज करावेत म्हणून खटपट करण्याऐवजी रांगच बदलली, तिथं गाडी फसली.

राहिली कंपनी. खासगी नोकरीत महिलांसाठी सरकारी भरतीसारखं आरक्षण नाही. बाजारमूल्यात पहिल्या १००० मध्ये असलेल्या सूचीबद्ध कंपन्यांना कामगारांतलं महिलांचं प्रमाण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ठरवलेल्या अहवालात दरवर्षी छापावं लागतं, त्यामुळे मोठ्या कंपन्यांत ‘डायव्हर्सिटी’चा जोर दिसतो. पुण्यात टाटा मोटर्सने गाडीजोडणीची अख्खी लाइन महिलांकडे दिली. शिरोली, गोकुळ शिरगावातल्या बहुतेक फाउंड्री आणि मशीन शॉप त्या हजारांत येत नाहीत. तिथं मुली घ्यायच्या की नाही हे मालकाच्या मनावर. ‘तुमच्या उद्दिष्टाप्रमाणे मला का घेतलं नाही’ असं विचारायचा हक्क उमेदवाराला कुठंच नाही.

म्हणून कंपनीत टक्केवारी विचारू नका. हे विचारा: भरती कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या? ट्रेनी म्हणून घेतलं तर किती महिन्यांनी पर्मनंट, आणि मागच्या तुकडीतल्या किती मुली झाल्या? शॉप फ्लोअरवर महिलांचं स्वच्छतागृह आहे का, की ऑफिसच्या इमारतीपर्यंत चालत जावं लागतं? सुपरवायझर एखादी बाई आहे का? रात्रपाळी आता संमती आणि सुरक्षेची सोय असेल तर कायद्याला मान्य आहे, पण सुटल्यावर घरापर्यंत गाडी येते की मेन रोडला सोडतात? दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते, पन्नास असतील तर पाळणाघर. या प्रश्नांवर एचआर चाचरला तर भिंतीवरचं महिला दिनाचं पोस्टर बघून भुलू नका.

आता ठरवायचं कसं? मी वयाकडे बघून ठरवेन, कारण प्रत्येक दार वेगळ्या वेळी बंद होतं. एनडीए साडेएकोणिसाला संपतं, अग्निवीर २१ ला, पोलीस भरती २८ किंवा ३३ ला, कंपनी तर उघडीच असते. बारावी झालेल्या, गणित बऱ्यापैकी असलेल्या मुलीने एनडीएचा पेपर द्यावा, जागा कमी असल्या तरी. उंची १६२ असेल तर थलसेनेच्या अग्निवीरचा फॉर्म सोडू नये. १६२ नसेल तर त्यात वर्ष घालवू नये, सरळ पोलीस भरतीला लागावं. दोन भरत्यांच्या मधे कंपनीत काम केलं तर घरचं कुरकुरणं थांबतं आणि हातात चार पैसे राहतात, फक्त सकाळचं मैदान चुकणार नाही अशी पाळी मागून घ्यावी. आणि मागासवर्गीय मुलींनी जात प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअरही, जाहिरात यायच्या आधी काढून ठेवावं. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रासमोरची रांग रस्त्यापर्यंत येते.