सामूहिक प्रोत्साहन योजना २०१९ : फरसाणाच्या कारखान्यासाठी अठरा महिने वापरल्यावर

उद्योगांसाठीच्या महाराष्ट्र सरकारच्या या योजनेबद्दल बोलताना सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, ८० टक्के. मराठवाडा, विदर्भ, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि धुळे इथल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या ८० टक्क्यांपर्यंत प्रोत्साहन, मुदत दहा वर्षं. यातला ‘पर्यंत’ कोणी मोठ्याने वाचत नाही.

मराठवाड्यातला पाकीटबंद फरसाणाचा कारखाना घ्या. जागा, इमारत, यंत्रं मिळून दोन कोटी. कमाल मर्यादा झाली १ कोटी ६० लाख, म्हणजे वर्षाला सरासरी १६ लाख. पण ही रक्कम कोणी आपणहून देत नाही. औद्योगिक प्रोत्साहन अनुदान मोजलं जातं ते पात्र मालाच्या पहिल्या विक्रीवरच्या एसजीएसटीवर (जीएसटीतला राज्याचा वाटा), आणि तो माल महाराष्ट्रात बिल होऊन महाराष्ट्रातच पोचलेला हवा. विक्री पाच कोटी आणि त्यातली तीन कोटींची राज्यात असेल, तर १२ टक्के जीएसटीच्या काळात एसजीएसटी ६ टक्क्यांनी १८ लाख व्हायचा. मर्यादेच्या जवळपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद फरसाण ५ टक्क्यांवर आलं. आता तेवढ्याच विक्रीवर एसजीएसटी अडीच टक्के, साडेसात लाख. दहा वर्षं अशीच गेली तरी ७५ लाख, म्हणजे मर्यादेच्या निम्मेही नाहीत. गिऱ्हाइकाला पाकीट स्वस्त झालं ते चांगलंच, पण ज्यांचे बँकेचे प्रकल्प अहवाल जुन्या दराने केलेले आहेत त्यांनी ते पुन्हा उघडून बसावं.

लातूरकडच्या डाळ मिलवाल्यांना हे गणित आधीपासून ठाऊक आहे. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के, ३० किलोच्या गोणीवर शून्य. शून्य कराचा परतावा शून्य.

परराज्यातल्या विक्रीवर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) लागतो, त्यामुळे ती हिशेबात येतच नाही. नांदेडहून तेलंगणातलं निजामाबाद जवळ असलं तरी तिकडे गेलेल्या गाडीचा इथे उपयोग नाही. त्याहून फसवा प्रकार वेगळाच आहे. घाऊक व्यापारी महाराष्ट्रातला, बिल त्याच्या नावावर, पण माल थेट तेलंगणातल्या दुकानात उतरवायचा. अशा बिलावर कायद्याने सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटीच लागतो, म्हणून लेखापालाला ती राज्यातली विक्री वाटते. ई-वे बिलावर (मालवाहतुकीचा परवाना) मात्र माल उतरण्याचं ठिकाण लिहिलेलं असतं. दावा तपासताना ही बिलं बाजूला पडतात आणि मग सगळ्याच यादीकडे संशयाने पाहिलं जातं. त्यामुळे दावा भरण्याआधी विक्रीची यादी ई-वे बिलांशी जुळवून अशी बिलं आपणच काढून टाकावीत. क्रेडिट नोटांचंही तसंच. परत आलेल्या मालावरचा कर वजा करूनच आकडा द्यावा.

एकाच राज्यात दोन कारखाने आणि जीएसटी क्रमांक एकच, ही दुसरी ठेच. जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र संपूर्ण क्रमांकाचं भरलं जातं. जुन्या युनिटचा कर किती आणि नव्याचा किती, ते त्यात दिसत नाही. नव्या जागेसाठी वेगळी नोंदणी घेता येते. ती पहिलं बिल फाडण्याआधी घ्यावी. त्यानंतर एका युनिटमधून दुसऱ्यात तेल पाठवलं तरी करपात्र बिल करावं लागतं, हा त्रास धरून चालावं. वेगळी नोंदणी नको असेल तर निदान बिलांची मालिका स्वतंत्र ठेवावी. पात्रता प्रमाणपत्रावर उत्पादनाचं नाव ‘शेव-चिवडा’ आणि वर्षभराने बटाटा वेफर्सही सुरू, असं असेल तर वेफर्सची विक्री प्रमाणपत्रात भर घातल्याशिवाय मागू नये. उद्यम नोंदणी, जीएसटी आणि वीजजोडणी या तिन्हींवर नाव अक्षरनअक्षर सारखं हवं. एकावर ‘फूड्स’ आणि दुसऱ्यावर ‘फूड प्रॉडक्ट्स’ एवढ्यानेही फाइल परत येते.

आता व्याज अनुदान. मुदत कर्जावर ५ टक्के, पण त्या वर्षी भरलेल्या वीजबिलापेक्षा जास्त नाही. फरसाणाची कढई गॅसवर किंवा ब्रिकेटवर (भुशाच्या दाबलेल्या कांड्या) चालते. विजेवर फक्त शेव पाडायचं यंत्र, मिक्सर आणि पॅकिंग. महिन्याला चार हजार युनिट म्हणजे वर्षाचं बिल साधारण साडेचार लाख. १ कोटी २० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी सहा लाख व्याज अनुदान होतं, हातात येतं साडेचार. प्लास्टिक मोल्डिंगवाल्याला ही अट जाणवतही नाही, कारण त्याचं बिलच मोठं. वीजदर अनुदान युनिटमागे एक रुपया, तीन वर्षं. या कारखान्याला वर्षाला ४८ हजार. कागदपत्रांच्या मानाने किरकोळ, पण सोडू नये.

सगळ्यात समाधानकारक काय, तर वीज शुल्क माफी. ती महावितरणच्या बिलातच वजा होते, कोणाच्या तिजोरीची वाट पाहावी लागत नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार गुण. प्रमाणपत्र मिळाल्या मिळाल्या विद्युत निरीक्षकांकडे अर्ज करावा. ‘पुढच्या महिन्यात बघू’ करत राहिलं की तेवढ्या महिन्यांचं शुल्क भरत बसावं लागतं. मुद्रांक शुल्काची माफीही चांगली, फक्त तिचं प्रमाणपत्र दस्त नोंदवण्याआधी हातात हवं. पैसे भरून मोकळं झाल्यावर ते परत मिळवणं फार लांबचं काम.

अनुदानाचे पैसे येतात ते मात्र अर्थसंकल्पी तरतुदीप्रमाणे. दावा जिल्हा उद्योग केंद्रात गेला, समितीपुढे मंजूर झाला, तरी वाटप निधी आल्यावर. मंजुरीचं पत्र आणि खात्यात जमा या दोन तारखांमध्ये बरंच अंतर पडतं, म्हणून हा पैसा कर्जाच्या हप्त्यात धरू नये. धरला की दुसऱ्याच तिमाहीत कॅश क्रेडिटवर (खेळत्या भांडवलाच्या कर्जावर) ताण येतो आणि ताण काढायला घेतलेल्या पैशाचं व्याज कोणी देत नाही. तीनपेक्षा जास्त गुण इथे देता येत नाहीत.

आयकराची बाजू बहुतेक जण उशिरा विचारतात. २०१५ च्या वित्त कायद्यानंतर असं अनुदान उत्पन्नात धरलं जातं. मालमत्तेच्या किमतीतून वजा झालेला भाग तेवढा वेगळा. काही लेखापाल दावा भरताच तो येणं म्हणून पुस्तकात घेतात आणि त्यावर करही भरून टाकतात. पैसे आलेले नसतात. सरकारी अनुदानांसाठीच्या लेखामानक १२ नुसार पैसे मिळण्याची वाजवी खात्री असेल तरच नोंद करायची. मंजुरीचं पत्र येईपर्यंत थांबलेलं बरं. दुसऱ्या टोकाला, पैसे जमा झाल्यावर मात्र नोंद पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

स्थानिक रोजगाराची अट सोपी वाटते: एकूण कामगारांत ८० टक्के आणि पर्यवेक्षकांत निदान ५० टक्के महाराष्ट्रातले. अडचण पॅकिंगच्या बायकांची नसते, त्या आसपासच्या गावच्याच असतात. अडचण येते आचाऱ्यांची आणि त्यांच्या वरच्या मिस्त्रींची, कारण फरसाणाचे कारागीर अनेकदा परराज्यातले. दोन पर्यवेक्षकांपैकी दोघेही बाहेरचे असले की अट मोडलीच. त्यासाठी एक स्थानिक पर्यवेक्षक पहिल्या महिन्यापासून हजेरीपटावर ठेवावा आणि त्याचा अधिवास दाखला भविष्यनिर्वाह निधीच्या यादीसोबत फाइलला लावून ठेवावा. दावा भरायच्या आठवड्यात दाखल्यासाठी तहसीलला धावलं तर तो वेळेत मिळेलच असं नाही.