पत्रा पोळतो आणि बंदूक 39 दाखवते

हिंगणघाटच्या पुढं आमचं गाव. जुने कवेलू काढून टिनाचे पत्रे टाकले तेव्हापासून उन्हाळा घरातच मुक्कामाला असतो. कूलरपुढं अंग गार पडतं, पण टाळू तापलेलीच. वरचा पत्रा स्वतः शेगडीसारखी धग खाली टाकतो, ती कूलरच्या वाऱ्यानं अडत नाही. हे मला आत्ता कळतं. एप्रिलमध्ये कळत नव्हतं.

एप्रिलमध्ये दोघं जण मोटारसायकलवर आले. 'थंड छत' करून देतो म्हणाले. एकाकडं ती पिस्तुलासारखी ताप मोजायची बंदूक. बोलायला गोड. "काका, थंड देशात फरशीखाली कोमट पाण्याच्या नळ्या टाकून घर गरम करतात. आमचं तेच, फक्त उलटं." नळ्यांची गोष्ट खरी आहे. तिचा त्याच्या डब्याशी काही संबंध नव्हता, एवढंच.

छतावर चढून त्यानं हातभर जागेत चंदेरी लेप मारला. सुकल्यावर बंदूक रोखली. गंजक्या पत्र्यावर 61, लेपावर 39. मी पाहतच राहिलो. खालून आई ओरडली, "आकडा राहू दे, हात लावून पाह्य ना!" मी हात लावला नाही. मशीन असताना हात कशाला, असं वाटलं. नागपूरच्या एका केंद्रानं 2024 च्या मे महिन्यात 56 अंश दाखवले आणि मग हवामान खात्यानं सेन्सरचा दोष सांगितला, तेव्हा हसणारा मीच.

900 चौरस फूट, फुटाला 45 रुपये. 40,500 पैकी 35,000 दिले, कापसाचे. पावती म्हणून वहीचं फाडलेलं पान. त्यावर 'दहा वर्षं ग्यारंटी', सही वाचता येत नाही.

मे लागला, घर तसंच. भाचा आयटीआयला आहे, तो अशीच बंदूक घेऊन आला. लेपावर 39 च आली. मग त्यानं वायरमनची काळी टेप लेपावर चिकटवली, पाच मिनिटं थांबला आणि टेपवर नेम धरला. 58.

ही बंदूक पत्र्याला शिवत नाही, पृष्ठभागातून येणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून अंदाज बांधते. चकाकती चंदेरी वस्तू तापली तरी ते किरण फार कमी सोडते, उलट वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब बंदुकीला दाखवते. म्हणून आकडा खोटा पडतो. काळ्या टेपवर जवळजवळ खरा येतो. गंजक्या पत्र्यावरही बराचसा खरा येतो, म्हणून 61 आणि 39 चा खेळ इतका पटतो. शिवाय चंदेरी लेप शोषलेली उष्णता सहज सोडत नाही. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि उष्णताही सोडतो. शेजाऱ्यानं चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारले, हजाराच्या आत. पावसात निघतो, दरसाल मारावा लागतो, पण त्याच्या पत्र्यावर दुपारी हात टेकवता येतो.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. मी वहीच्या पानाकडं पाहिलं.

तुमच्याकडं असं कोणी आलं तर नमुन्यावर आधी टेप चिकटवा आणि मग मोजायला सांगा.

उरलेल्या 5,500 साठी त्याचे फोन परवापर्यंत येत होते. मी म्हटलं, "या ना भाऊ, दुपारी दोनला. छतावर चपला काढून बसू, तिथंच देतो." अजून आला नाही.