एमिलिया-रोमान्याची सहल: बुकिंग खरं होतं, पण आमचं नव्हतं

इटलीत एमिलिया-रोमान्या भागात खाण्यापिण्यासाठी सहल ठरवत असाल, आणि बोलोन्यात राहणारा कुणी मराठी माणूस "ताई, सगळं मी बघतो, तुम्ही फक्त विमानात बसा" म्हणत असेल, तर उरलेली रक्कम पाठवण्याआधी हे वाचा. आमचे पैसे गेले, त्याचं दुःख आहेच. पण त्या माणसाच्या शब्दावर विसंबून माझ्या सासूबाईंनी जे खाल्लं, ते मला जास्त लागलं आहे. पैशाची तक्रार करता येते, त्या गोष्टीची भरपाई कुणाकडे मागायची?

आम्ही नाशिकचे. घरी द्राक्षबाग आहे, त्यातला थोडा माल वायनरीला जातो. त्यामुळे रोम-व्हेनिसपेक्षा द्राक्षाचं आणि दुधाचं काम जिथे पिढ्यान् पिढ्या चाललंय तो मुलूख बघायचा, असं सगळ्यांच्या मनात होतं. एमिलिया-रोमान्या त्यासाठी फार चांगला आहे. इ. स. पूर्व १८७ मध्ये बांधायला घेतलेला व्हिया एमिलिया हा रोमन रस्ता पिआचेन्झापासून रिमिनीपर्यंत जातो आणि पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना, बोलोन्या ही शहरं त्यावर ओळीने येतात. रेल्वेही त्याच रांगेने धावते. गाडी न घेता लोकल रेल्वेने यातलं बरंच काही होतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आम्हाला मात्र "गाडीशिवाय तिथे हलताच येत नाही" असं सांगून सगळ्या मुक्कामासाठी गाडी आणि ड्रायव्हर गळ्यात मारला होता.

तो माणूस आम्हाला ओळखीतून मिळाला. व्हिडिओ कॉलवर मागे बोलोन्याच्या कमानी दिसायच्या. नवऱ्याला "दादा", सासूबाईंना "काकू". त्यांचे गुडघे दुखतात हे त्याने लक्षात ठेवलं होतं, दर वेळी विचारायचा. त्याने पाठवलेला आराखडा वाचून कुणालाही भूक लागली असती: मोदेनात माळ्यावरच्या पिंपांत मुरणारं व्हिनेगर, पार्मिजानो चीजचा कारखाना, लांगिरानोला हॅमची वखार, कास्तेलवेत्रोच्या टेकड्यांवर द्राक्षमळ्यातल्या घरात मुक्काम. माणशी सव्वादोन लाख, विमान सोडून. अर्धे आधी, अर्धे व्हिसा हातात आल्यावर. पैसे भारतातल्या एका बचत खात्यावर.

आता त्याची युक्ती नीट समजून घ्या, कारण ती साधी आहे आणि उद्या दुसरा कुणी हेच करील. त्याने पाठवलेली हॉटेलांची पुष्टीपत्रं बनावट नव्हती. नंबर खरा, हॉटेल खरं, आमची नावं खरी. आम्ही एका हॉटेलला फोन करून विचारलं तेव्हा त्यांनीही "हो, बुकिंग आहे" असंच सांगितलं. ही सगळी बुकिंगं विनाशुल्क रद्द करता येणारी होती आणि त्याच्या स्वतःच्या ईमेलवरून केलेली होती. शेंगेन व्हिसाच्या फाइलला हीच बुकिंगं लागली, व्हिसा मिळाला, म्हणून विश्वास आणखी पक्का झाला. मग आम्ही उरलेली रक्कम पाठवली आणि दुसऱ्या दिवशी त्याने पहिला मुक्काम सोडून बाकीची रद्द केली. रद्द झाल्याचा ईमेल त्यालाच गेला.

बोलोन्यातले पहिले दिवस म्हणूनच व्यवस्थित गेले. कास्तेलवेत्रोला पोचलो ती संध्याकाळ होती, सप्टेंबर, तोडणीचे दिवस, दारात द्राक्षाच्या क्रेटांची चळत. मालकीणबाईंनी आमची नावं ऐकली आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. बुकिंग केल्याची तारीख, रद्द केल्याची तारीख, दोन्ही समोर. घरात एकही खोली शिल्लक नव्हती. त्याला फोन लावला तर आधी "सिस्टीममध्ये गोंधळ झालाय", मग "ती बाई खोटं बोलतेय", आणि त्यानंतर फोन बंद. त्याच बाईंनी कामाच्या गर्दीतून वेळ काढून चार ठिकाणी फोन केले आणि व्हिन्योला गावात आमची सोय लावून दिली. सासूबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांचा आमच्याशी काडीचा संबंध नव्हता, तरी त्या रात्रीचं आमचं सगळं त्यांनी निभावलं. यानंतरच्या प्रत्येक मुक्कामाचे पैसे आम्ही दुसऱ्यांदा भरले.

व्हिनेगरची फसवणूक याच्या आधीच झाली होती, पण ती उघडी पडली नंतर. ड्रायव्हरने आम्हाला "पारंपरिक आचेताया" (म्हणजे व्हिनेगर मुरवण्याची जागा) म्हणून महामार्गाजवळच्या एका दुकानात नेलं. दारात शोभेची पिंपं, आत चमच्याने चव, आणि ठसठशीत "२५" छापलेली पाव लिटरची बाटली, १४० युरोला. विकणाऱ्याने तोंडाने "पंचवीस वर्षं मुरवलेलं" सांगितलं. नणंदेने एक घेतली, आम्ही एक.

मोदेनाला अल्बिनेल्ली नावाची जुनी मंडई आहे, १९३१ सालची, लोखंडी छताची. तिथल्या एका गाळेवाल्याने आमची बाटली हातात घेतली आणि काही न बोलता शेजारी दुसरी आणून ठेवली. ही दुसरी बाटली कशी असते ते लक्षात ठेवा. 'आचेतो बाल्सामिको त्रादित्सिओनाले दी मोदेना' हे डीओपी (म्हणजे मूळ प्रदेशाची संरक्षित खूण असलेलं) व्हिनेगर १०० मिलिलिटरच्या एकाच ठरावीक आकाराच्या बाटलीत येतं: खाली चौकोनी बूड, वर गोल पोट. जोर्जेत्तो जुज्जारो या डिझायनरने केलेला हा आकार सगळ्या उत्पादकांना सारखाच. बाटली भरण्याआधी चव घेणाऱ्या तज्ज्ञांची समिती तो माल पास करते. किमान १२ वर्षं मुरलेलं एक, आणि किमान २५ वर्षांचं दुसरं, ज्यावर 'एक्स्त्राव्हेक्यो' लिहिलेलं असतं. त्यात शिजवलेल्या द्राक्षरसाशिवाय काहीही नसतं. ओक, चेस्टनट, चेरी, तुती अशा वेगवेगळ्या लाकडांची लहान होत जाणारी पिंपं माळ्यावर ओळीने असतात. उन्हाळ्यात रस आटतो, थंडीत निवळतो. दरवर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडंसं काढायचं आणि ती तूट शेजारच्या मोठ्या पिंपातून भरायची. एवढ्या वर्षांच्या मेहनतीचं पाव लिटर १४० युरोला मिळूच शकत नाही. २५ वर्षांच्या १०० मिलिलिटरलाच साधारण तेवढ्याच्या आसपास पडतात.

आमच्या बाटलीच्या मागे बारीक अक्षरात घटक होते: शिजवलेला द्राक्षरस आणि वाइन व्हिनेगर. पुढचा "२५" हा आकडा वर्षांचा आहे असं बाटलीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. तसं म्हणाला होता तो विकणारा, आणि तोंडच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. 'आयजीपी' (डीओपीपेक्षा सैल नियमांची खूण) लिहिलेलं मोदेनाचं व्हिनेगर वेगळं, ते वाईट नाही. ६० दिवसांत तयार होऊ शकतं, वाइन व्हिनेगर त्यात असतंच, सॅलडवर छान लागतं आणि कमी पैशात मिळतं. ते त्याच नावाने आणि त्याच किमतीत घ्या.

लाम्ब्रुस्कोचीही तीच गत. "दहा वर्षं जुनी खास रिझर्व्हा" म्हणून एका चवीच्या बैठकीचे माणशी जादा पैसे आमच्याकडून आधीच घेतले होते. लाम्ब्रुस्को ही ताजी, थंड, फेसाळ लाल वाइन. सोर्बाराची फिकट आणि आंबटसर, कास्तेलवेत्रोची ग्रास्पारोस्सा गडद. ती ताजी असतानाच प्यायची असते, वर्षानुवर्षं ठेवून तिची किंमत वाढत नाही. माझ्या नवऱ्याला हे माहीत होतं, त्याने कॉलवर विचारलंही होतं. उत्तर मिळालं: "दादा, ही बाहेर विकत नाहीत." आयत्या वेळी ती बैठकच झाली नाही.

आता चीज. आराखड्यात पार्मिजानोच्या कारखान्याची भेट दुपारी ४ वाजता होती. पुढे कुणाच्या आराखड्यात अशी वेळ दिसली तर तिथेच थांबा. पार्मिजानो रेज्जानो सकाळी बनतं. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट भांड्यात ठेवून त्याची साय काढतात, सकाळचं सायीसकट दूध त्यात मिसळतात आणि तांब्याच्या मोठ्या कढयांत काम सुरू होतं. दुपारपर्यंत कढया धुऊन पालथ्या पडलेल्या असतात. आम्हाला ४ वाजता जिथे नेलं, तिथे काचेमागे नुसत्या चीजच्या मोठ्या, गोल, अख्ख्या चकत्या होत्या आणि पुढे विक्रीचं काउंटर.

व्हिन्योलाच्या घरमालकाने सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः एका सहकारी काझेइफिचोला, म्हणजे चीजच्या कारखान्याला, ईमेल केला. उत्तर तासाभरात आलं: सकाळी साडेआठला या. भेटीचे पैसे अगदी थोडे. दोन माणसांनी कापडात धरून कढईतून वर काढलेला तो पांढरा गोळा, फाटलेल्या दुधाच्या पन्नासेक अंश गरम पाण्याची वाफ, मिठाच्या पाण्यात तरंगणाऱ्या चकत्या, कोठारात छतापर्यंत लागलेल्या फळ्या. एका चकतीला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि ती किमान १२ महिने मुरते. प्रत्येकीच्या कडेवर ठिपक्यांनी नाव आणि त्या कारखान्याचा क्रमांक उमटवलेला. आमच्या अख्ख्या सहलीतला सर्वांत सुंदर दिवस तो, आणि त्यासाठी मधल्या माणसाची गरजच नव्हती.

तिथेच दाखवणाऱ्या मुलीने सहज सांगितलं की दूध फाडायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. नियमच तसा आहे, दुसरं रेनेट चालत नाही. सासूबाईंना मी भाषांतर करून सांगितलं नाही, पण त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि विचारलं. त्या जन्माच्या शाकाहारी, चातुर्मास पाळणाऱ्या. त्या माणसाने आम्हाला लेखी कळवलं होतं: "काकूंसाठी सगळं शुद्ध शाकाहारी, चीजही." आठवडाभर त्या तेच चीज भुरभुरवून जेवत होत्या. एवढंच नाही. "काकूंसाठी पुरीसारखं" म्हणून जे न्योक्को फ्रित्तो त्याने त्यांच्या यादीत घातलं होतं, ते परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी फक्त फळं खाल्ली. त्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. तो तिथे राहतो, तिथलं अन्न विकतो.

म्हणून शाकाहारी घरांना हात जोडून सांगते. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो दोन्हींत वासराचं रेनेट असतं. इटलीत वनस्पतिज रेनेटची चीज मिळतात, पाकिटावर 'काल्यो वेजेताले' शोधा. न्योक्को फ्रित्तो, तिजेल्ले, पियादिना असे रोटीसारखे प्रकार मागवण्याआधी 'स्त्रुत्तो', म्हणजे चरबी, आहे का विचारा. बोलोन्याच्या तोर्तेल्लिनी या भरलेल्या पास्त्याच्या सारणात डुकराचं मांस असतंच. पालेभाजी आणि रिकोत्ता हे मऊ चीज भरलेली पार्माची तोर्तेल्ली देर्बेत्ता चांगली, पण पारीत अंडं असतं आणि वर पार्मिजानो पडतं. हे सगळं तिथल्या लोकांना विचारलं की ते खरं सांगतात. आमच्याशी एकही स्थानिक स्वयंपाकी खोटं बोलला नाही.

कुणामार्फत सहल करायचीच असेल, तर बुकिंगं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर करून मागा, म्हणजे रद्द झाल्याचं पत्र तुम्हालाच येईल. उरलेली रक्कम देताना आणि निघायच्या आठवड्यात, दोन्ही वेळी प्रत्येक मुक्कामाला थेट लिहून विचारा: बुकिंग चालू आहे का, पैसे भरलेत का, कुणाच्या नावाने भरलेत. भारतात पैसे घेऊन परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घ्यावा लागतो. त्यासाठी तो तुमचा पॅन मागतो, आणि घेतलेली रक्कम आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसते. आमच्याकडे पॅन कधी मागितलाच नाही, "सर्व करांसह" एवढंच म्हणाला. बिल मागितलं तेव्हा वर्डमध्ये टाइप केलेला एक कागद आला, त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता.

आम्ही परत आल्यावर १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार नोंदवली, बँकेला लेखी कळवलं आणि ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, त्यामुळे समोरचा बोलोन्यात असला तरी आमचं प्रकरण नाशिकला चालू आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. कास्तेलवेत्रोच्या मालकीणबाईंनी बुकिंग रद्द केल्याच्या तारखेचा ईमेल आम्हाला पाठवला, तोच आमच्याकडचा सर्वांत भक्कम कागद आहे.

अशाच कुणाला आगाऊ रक्कम दिली असेल आणि प्रवास अजून व्हायचा असेल, तर आजच प्रत्येक हॉटेलला ईमेल करा. रद्द झाल्याचं कळलं तर आधी १९३० वर फोन करा आणि मग त्या माणसाला. पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते. व्हॉट्सॲपवरचं सगळं संभाषण, व्हॉइस नोटसह, उतरवून ठेवा. आमच्या माणसाने फोन बंद केल्यावर त्याच रात्री आपल्या बाजूचे संदेश पुसायला सुरुवात केली होती.