एपीआरएस ट्रॅकर आणि गच्चीवरचं आयगेट: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

एपीआरएस म्हणजे हॅम (हौशी) रेडिओवरून आपली जागा आणि छोटे निरोप पाठवण्याची पद्धत. ते घ्यावं का, असं विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच चित्र असतं. गडावर मोबाइलला रेंज नाही, तरी घरच्यांना नकाशावर आपला ठिपका सरकताना दिसतोय. दिसतो, पण तुमचं पॅकेट, म्हणजे रेडिओवरून सोडलेला माहितीचा छोटा तुकडा, ऐकणारं स्टेशन कुठेतरी असेल तरच. म्हणून हॅम लायसन्स हातात आलं की पहिले पैसे ट्रॅकरवर घालू नका. गच्चीवर आयगेट, म्हणजे अशी पॅकेट ऐकून इंटरनेटवर पोचवणारं स्टेशन, उभं करा.

माझं कोथरूडमधलं आयगेट म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, आरटीएल-एसडीआर डोंगल हा त्याला जोडायचा रेडिओ रिसीव्हर आणि डायरवुल्फ हे मोफत सॉफ्टवेअर. 144.390 मेगाहर्ट्झवर कान लावून बसायचं, 1200 बॉड वेगाने आलेलं पॅकेट उलगडायचं आणि इंटरनेटवर चढवायचं. डायरवुल्फ एकदा लावल्यावर त्याच्याकडे बघावंही लागलं नाही. अँटेना घरीच केली. एका कनेक्टरला साधारण 50 सेंटीमीटरच्या पाच पितळी सळ्या, एक उभी आणि चार खाली झुकलेल्या. या कामाला ती पुरते, महागडी आणायची गरज नाही.

जुलैत मात्र आयगेटला काही ऐकू येईना. कनेक्टर सोडवला तर कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) तांब्याची जाळी हिरवी पडलेली, पाणी आतून झिरपत वीतभर खाली उतरलेलं. तेवढी केबल कापून टाकली, नवा कनेक्टर बसवला, वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली आणि केबलला घरात शिरण्याआधी एक झोळ दिला. त्यानंतर सप्टेंबरच्या सरीही त्याने निभावल्या. आपल्याकडच्या पावसात हे पहिल्याच दिवशी करण्यासारखं काम आहे.

सोबत नेतो तो पाच वॉटचा हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, जीपीएस आतच असलेला. जीपीएस चालू ठेवला तर बॅटरी संध्याकाळ गाठत नाही, दुसरी सॅकमध्ये हवीच. बीकन, म्हणजे आपली जागा सांगणारं पॅकेट, ठरावीक वेळेने सोडू नका. दर दोन मिनिटांनी सोडलं तर ताम्हिणीतली वळणं नकाशावर गायब होतात आणि गाडी थेट डोंगरातून गेल्यासारखी रेघ उमटते. वेग आणि दिशा बघून बीकन सोडणारं स्मार्ट बीकनिंग लावलं की वळणावर पॅकेट जातं, गाडी थांबली की रेडिओही अधूनमधूनच बोलतो. आणि आपली जागा कुणालाही दिसते, तेव्हा बीकन घराच्या दारातून सुरू करू नका.

सिंहगडाच्या माथ्यावरून घरचं आयगेट छान ऐकतं. राजगडावरून एकही पॅकेट पोचलं नाही. राजगड चांगला उंच आहे, पण कोथरूड आणि राजगड यांच्या मध्ये सिंहगडाची रांग आडवी येते, आणि या फ्रीक्वेन्सीला डोंगर ओलांडता येत नाही. वॉट वाढवून फार काही साधत नाही. पाथमध्ये, म्हणजे पॅकेट किती वेळा पुढे पाठवायचं ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, वाइड-2 च्या पुढे आकडे वाढवूनही नाही, कारण ऐकलेलं पॅकेट पुन्हा हवेत सोडणारा डिजिपीटरच त्या बाजूला मला सापडला नाही.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. जागेच्या पॅकेटला पोच मिळत नाही. निरोपाला मिळते, पण माझं आयगेट फक्त ऐकणारं आहे, त्यामुळे ती पोच गडावर परत येत नाही. म्हणून संकटात मदत मागण्याचं एकमेव साधन म्हणून याच्यावर विसंबू नये. घरच्यांनाही मी सांगून ठेवलंय की ठिपका थांबला म्हणजे माणूस अडकला असं समजायचं नाही.

अमेरिकेतल्या ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी ही पद्धत घडवली. 2022 मध्ये ते गेले. एपीआरएस म्हणजे गाड्यांचा माग काढायचं यंत्र नव्हे, आसपासच्या हॅम मंडळींनी एकमेकांना ताजी माहिती देण्याची ती सोय आहे, हे ते शेवटपर्यंत बजावत राहिले. राजगडावर मला ते पुरतं पटलं. तिथे माझ्या हँडीत काहीच कमी नव्हतं, शेजारी स्टेशन नव्हतं.

वेल्हे किंवा भोरच्या बाजूला राहणाऱ्या कुणाच्या गच्चीवरून तोरणा, राजगड उघडा दिसत असेल, घरात वीज आणि इंटरनेट असेल, तर त्यांनी हे आयगेट जरूर लावावं. खर्च एका चांगल्या हँडीपेक्षा कमी येतो. डायरवुल्फची मांडणी करून द्यायला आणि पितळी सळ्या घेऊन गच्चीवर चढायला मी येईन.