सीओटू मीटर: आकडा बरोबर, सल्ला फुकटचा

चार महिने झाले हा सीओटू मीटर, म्हणजे खोलीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती ते दाखवणारं मशीन, वापरतोय म्हणून लिहितो. आधी कामाचं सांगतो, घेताना एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने थेट सीओटू मोजणारा) आहे का तेवढं बघाच, नुसतं 'ईसीओटू' लिहिलेले स्वस्तातले पीस सीओटू मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज मारतात, शेजारी सॅनिटायझर चोळलं तरी आकडा उडतो.

माझा एनडीआयआरवाला आहे. गच्चीत ४२० च्या आसपास पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत सीओटूचे किती भाग) दाखवतो, म्हणजे ठीक. रात्री दार लावून आम्ही दोघं झोपलो की सकाळी १,२००, खिडकी उघडली की थोड्या वेळात ६००. मी खूश.

मग एका मित्राच्या खोलीवर नेला. एकच खोली, सहा जण, त्यातले दोघं नाइट शिफ्टचे त्यामुळे दिवसाही कोणीतरी झोपलेलंच, खिडकी आहे पण हातभर अंतरावर दुसऱ्या घराची भिंत आणि खाली गटार, उघडली की डास. आकडा २,९००. (गॅस बंद होता हं, चालू असला तर ज्योतीचाही सीओटू यात धरला जातो.) आपण सोडतो त्या श्वासात साधारण ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम सीओटू असतो, बाहेरचे ४२० वजा करून तो हिशोब लावला तर माझ्याकडे पन्नासातला एक श्वास उष्टा, म्हणजे आधीच कोणीतरी सोडलेला, आणि त्याच्याकडे सोळातला एक. मीटर काही जंतू मोजत नाही, हवा किती उष्टी आहे एवढंच सांगतो, पण त्या खोलीत एकाला टीबी झाला तर बाकीचे पाच जण रोज तासन्‌तास तीच हवा घेणार. आणि जुलै २०२० मध्ये मुंबईच्या ३ वॉर्डांत सेरो सर्व्हे (कोरोना होऊन गेलाय का ते रक्तातल्या अँटीबॉडीवरून बघणारी पाहणी) झाला तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांत कोरोनाच्या अँटीबॉडी सापडल्या आणि त्याच वॉर्डांत झोपडपट्टीबाहेर १६ टक्के, तरी आपण म्हणत होतो 'लोक नियमच पाळत नाहीत'. अहो ताप आला तर वेगळं झोपायला कोपरा कुठाय, आणि खाडा केला की पगार कट.

मीटर मात्र लाल होऊन एकच सांगतो, खिडकी उघडा.

खरी गंमत पुढेच. आठवडाभर मीटर त्याच्याकडेच ठेवला तर आकडा आपोआप उतरायला लागला, मला वाटलं हवा सुधारली! तर यात ऑटो कॅलिब्रेशन असतं, म्हणजे मशीन गृहीत धरतं की काही दिवसांत एकदा तरी खोली रिकामी होऊन बाहेरच्यासारखी ताजी हवा मिळणारच, आणि त्या दिवसांतला सगळ्यात कमी आकडा म्हणजेच ४०० समजून बसतं. ती खोली कधी रिकामीच होत नाही. म्हणजे जिथे हवा सगळ्यात वाईट तिथेच हा कमी दाखवणार. बनवणाऱ्यांच्या डोक्यात आमच्यासारखीच घरं असणार, दुसरं काय. सेटिंगमध्ये ते बंद करा आणि महिन्यातून एकदा उघड्यावर नेऊन हाताने कॅलिब्रेट करा.

बॅटरी ठीक, स्क्रीन उन्हात दिसत नाही. पाचपैकी तीन स्टार.

आणि हो, बीप बंद करायला मागचं बटण थोडा वेळ दाबून धरावं लागतं, मॅन्युअलमध्ये कुठेच दिलेलं नाही. मित्राने पहिल्याच दिवशी शोधून काढलं, नाइट शिफ्टवाल्यांची झोप मोडत होती म्हणून.